फाइलवाल्याचा सुळा

आमच्या ताईंना नवा माणूस भेटला की त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग, वेळ उरला तर, डोळ्यांकडे. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मला बघायला घरचे आले होते तेव्हा बाकीचे माझ्या शिक्षणाचं, उंचीचं, स्वभावाचं बोलले. ताई घरी जाऊन एवढंच म्हणाल्या, "खालचे दोन दात दाटीत आहेत, पण मुलगी चांगली आहे." हे मला लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली आणि आमच्या घरातल्या एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत. असो.

ताई दातांच्या लॅबमध्ये काम करतात. डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यावर गुलाबी मेण चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. ही मेणाची कवळी एकदा डॉक्टरांकडे जाते, पेशंटच्या तोंडात बघून परत येते. पसंत पडली की मेणाच्या जागी पक्कं मटेरियल भरायचं, उकळायचं, घासून चमकवायचं, डबीत घालून पाठवायचं. यातलं मेणात दात बसवायचं काम सगळ्यांत नाजूक, आणि ते ताई एकतीस वर्षं करत आल्या आहेत. मी त्याच लॅबमध्ये दाराजवळच्या टेबलाशी बसते. आलेल्या डब्या उघडायच्या, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून नंबर टाकायचा, तयार माल चिठ्ठीशी ताडून बाहेर सोडायचा. मला तिथं ताईंनीच चिकटवलं. म्हणजे घरी नणंद आणि कामावर वरिष्ठ, अशी माझी चोवीस तासांची ड्यूटी आहे.

ताईंचा एक नियम होता. पुढच्या सहा दातांतला एक तरी दात किंचित वळवायचा. अगदी केसाएवढा. "सगळे दात शिपायांसारखे उभे केले ना, की लांबून कळतं खोटी कवळी आहे म्हणून," त्या सांगायच्या. "खऱ्या माणसाचं काहीतरी वाकडं असतंच." डॉक्टरांनाही हे ठाऊक होतं आणि आवडत होतं. ताईंच्या हातची कवळी ओळखू येत नाही, असा आमच्या लॅबचा लौकिक होता, आणि मालक तो गिऱ्हाइकाला सांगताना स्वतःच्या हातचं असल्यासारखं सांगायचे.

ताईंनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांची तोंडं बघते, घरी आल्यावर पण बघू का?" त्या आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. खोली लहान, एक खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. या खोलीत सात वर्षांपूर्वी तो सिनेमा शिरला.

सिनेमाला नाव होतं, पण आमच्या घरात त्याला 'तो सिनेमा' एवढंच म्हणतात. हेरांचा सिनेमा. एकदा लॅबमध्ये पाणी नव्हतं म्हणून दुपारीच सुट्टी मिळाली, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि थिएटरात गारवा होता. एवढ्याच कारणानं आम्ही दोघी आत गेलो. त्यात एक देखणा नायक आहे, जो छपरांवरून उड्या मारतो. एक रेनकोटवाली आहे, जी कुणाच्या बाजूनं आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि हेरांच्या कचेरीत तळघरात बसणारा एक म्हातारा फाइलवाला आहे. सगळी गुपितं त्याच्या कपाटात असतात. पूर्ण सिनेमात तो अकरा मिनिटं दिसतो. त्याला हसू यायला लागलं की तो हातातली फाइल तोंडासमोर धरतो. असं पाचदा होतं. अगदी शेवटी तो ती महत्त्वाची फाइल रेनकोटवालीला देऊन टाकतो, हात रिकामे होतात, आणि तेव्हा तो एकदाच उघड हसतो. वरच्या ओळीतला डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला दिसतो. मग दिवे लागतात.

बाहेर आल्यावर मी देखण्याबद्दल बोलत होते. माणसासारखी माणूस आहे मी. ताई म्हणाल्या, "सुळा बघितलास?"

त्या रात्रीपासून नव्हे, पण त्या आठवड्यापासून त्यांनी चित्रं काढायला घेतली. चित्रकला त्या कुठं शिकल्या नव्हत्या. पण मेणात दात कोरणाऱ्या हाताला पेन्सिल काय जड. त्यांची पद्धत मात्र उफराटी होती. आधी दात काढायचे, मग त्यांच्याभोवती ओठ, मग जबडा, आणि असं बाहेर बाहेर जात शेवटी चेहरा पुरा करायचा. अर्ध्यावर सोडलेलं चित्र बघून आमचे हे एकदा दचकले होते. कोऱ्या कागदाच्या मधोमध नुसतेच दात हसत होते.

देखणा त्यांनी एकदाही काढला नाही. रेनकोटवाली दोनदा, तीसुद्धा तोंड मिटून. बाकी सगळा फाइलवाला. फाइल धरलेला, चष्मा पुसणारा, जिना उतरणारा, शेवटचं हसणारा. सहा वर्षांत दोनशेच्या वर चित्रं झाली. ती त्या लॅबच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवायच्या आणि खोक्यावर तारीख घालायच्या. एक चित्र तेवढं लॅबमधल्या त्यांच्या टेबलावर, दिव्याच्या दांड्याला मेणानं चिकटवलेलं असायचं.

फोनवर त्या सिनेमाच्या वेड्यांचा एक मोठा गट होता. चार हजार माणसं, आणि सगळी आपापल्या जागी भयंकर गंभीर. लोक चित्रं टाकायचे, गोष्टी रचायचे, कुणाचा कोट कुठल्या प्रसंगात बदलला यावर भांडायचे. गट चालवणाऱ्या बाईला सगळे 'कमांडर' म्हणायचे. ताईंना तिथं 'दातवाली' म्हणत, कारण त्या दुसऱ्यांच्या चित्रांत खुसपटं काढायच्या. कुणी पोरीनं आठ दिवस खपून देखण्याचं चित्र काढावं आणि खाली ताईंनी लिहावं, "चित्र सुंदर. पण वर सुळ्यांच्या मध्ये पाच दात झालेत. माणसाला चार असतात." सुरुवातीला लोक चिडायचे. मग टाकण्याआधी ताईंना दाखवून घ्यायला लागले.

पण गटात ताईंचं खरं नाव झालं ते फाइलच्या इशाऱ्यामुळे. तो शोध त्यांचाच. फाइलवाला पाच वेळा फाइल तोंडासमोर धरतो, आणि प्रत्येक वेळी ती जरा डावीकडे झुकलेली असते. डावीकडे तळघराची खिडकी आहे. म्हणजे तो खिडकीबाहेरच्या कुणाला तरी इशारा देतोय, म्हणजे तो पहिल्यापासून रेनकोटवालीला सामील आहे, म्हणजे अख्ख्या सिनेमाचा अर्थच बदलतो! ताईंनी पाचही प्रसंगांची चित्रं काढून, बाण दाखवून, हे मांडलं. कमांडरनं ते गटाच्या माथ्यावर कायमचं लावलं. घरी तीन दिवस ताई ताठ मानेनं चहा पीत होत्या.

आता मूळ गोष्टीकडे येते.

गेल्या वर्षी बातमी आली की सिनेमाचा दुसरा भाग निघतोय. देखणा आहे, रेनकोटवाली आहे. फाइलवाल्याचं नाव कुठेच नव्हतं. ते काम करणारा नट दोन-तीन महिने कुठं दिसलाही नव्हता. वय अडुसष्ट. गटात रडारड सुरू झाली. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे पैशांवरून बिनसलं. ताईंचं जेवण कमी झालं होतं.

त्याच दिवसांत एका सोमवारी माझ्या टेबलावर एक डबी आली. आत दोन साचे. एक बिनदातांच्या जबड्याचा, नेहमीसारखा. दुसरा जुना, दात काढण्याआधी घेतलेला, मापासाठी सोबत पाठवलेला. आमच्याकडे चिठ्ठीवर पेशंटचं नाव नसतं, फक्त नंबर, वय आणि डॉक्टरांच्या सूचना. मी नंबर टाकला आणि डबी ताईंच्या टेबलावर ठेवली. पाच मिनिटांत त्यांनी मला हाक मारली. आवाज असा की मला वाटलं बोट कापलं.

"दार लोट," त्या म्हणाल्या. जुना साचा त्यांच्या तळहातावर होता. "बघ."

वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता.

"ताई, असे सुळे लोकांचे असतात."

"वय बघ."

मी चिठ्ठी बघितली. अडुसष्ट.

"डॉक्टर कुठले बघ." डॉक्टरांचा दवाखाना त्या भागातला होता जिथं नाटक-सिनेमाची माणसं राहतात. "आणि खाली काय लिहिलंय ते वाच."

खाली लिहिलं होतं, 'पेशंटला लोकांसमोर बोलायचं आहे. शुक्रवारपूर्वी हवी.'

मलाही पटलं, खोटं कशाला सांगू. सगळे धागे जुळत होते. पण त्याच चिठ्ठीत, त्याच अक्षरात, आणखी एक ओळ होती, आणि तिच्याखाली रेघ ओढलेली होती. 'दात सरळ. जुन्यासारखे नकोत.'

"हे डॉक्टरांनी आपल्या मनानं लिहिलंय," ताई म्हणाल्या. "त्यांना सगळं जग सरळ करायचं असतं. हा माणूस दुसऱ्या भागात सरळ दात घेऊन उभा राहिला तर तो कोण राहील? कुणीही!"

तरी त्या दिवशी त्यांनी शहाण्यासारखं चिठ्ठीबरहुकूम काम केलं. सरळ दात बसवले. मंगळवारी मेणाची कवळी दवाखान्यात गेली, बुधवारी परत आली. सोबत शेरा, 'पसंत. अशीच पक्की करा.' इथं विषय संपायला हवा होता.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा त्या चाकू दिव्यावर तापवत होत्या. तापलेला चाकू त्यांनी सुळ्याच्या मुळाशी मेणात घातला, मेण मऊ झालं, आणि अंगठ्यानं सुळा हळूच पुढे आणून शेजारच्या दातावर चढवला. समोर दिव्याच्या दांड्यावर फाइलवाला हसत होता. त्यांना चित्राकडे बघायचीही गरज पडली नाही. सहा वर्षांत तो सुळा दोनशे वेळा काढून झाला होता.

"ताई, पसंत होऊन आलीय ती."

"आरशात बघितल्यावर त्यांनाच कळेल," त्या म्हणाल्या. "आपला चेहरा परत मिळाला तर कुणाला नको असतो?"

गुरुवारी पक्की झालेली कवळी माझ्या टेबलावर आली. चिठ्ठीशी ताडून बघायचं काम माझं. रंग बरोबर, माप बरोबर, सुळा चूक. मी ती दोन मिनिटं हातात धरून बसले. मग डबीत घातली, वर लॅबचं स्टिकर लावलं, आणि 'तपासले' या चौकटीत सही केली. का केली? ताईंचा चेहरा त्या दिवशी वीस वर्षांनी लहान दिसत होता, म्हणून केली. दुसरं काही कारण नाही.

शुक्रवारी अडीच वाजता एक उंच, सडपातळ गृहस्थ दारात उभे राहिले. एका हातात आमची डबी, दुसऱ्या हातात तोंडावर धरलेला रुमाल. आमच्या लॅबमध्ये पेशंट येत नाहीत. त्यांना पत्ता स्टिकरवरून मिळाला होता, कारण डॉक्टर परगावी गेले होते आणि दवाखान्यातल्या मुलीनं डबी न उघडताच हातात दिली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळ वेगळं, नाक वेगळं, कान तर फारच वेगळे. हा माणूस जन्मात कधी सिनेमात गेला नव्हता.

"ही कुणी केली?" त्यांनी विचारलं. दात नसल्यामुळे शब्द सांडत होते, पण कळत होते.

मी माझ्या टेबलाखाली मावते का याचा विचार करत होते. ताई उठून आल्या. त्यांनी एकदाच त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. इतक्या वर्षांत मी ताईंचा रंग उडालेला तेव्हाच पाहिला.

"मी केली."

"मंगळवारी डॉक्टरांनी मेणाची दाखवली ती सरळ होती, बाई. मी आरशात चारदा बघितलं. मग हा सुळा कुठून आला?"

"तुमच्या जुन्या साच्यावरून."

"पण नको म्हणून लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं," ताई म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि डबी मांडीवर ठेवली.

"मी शाळेत भूगोल शिकवायचो," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी 'सुळ्या' म्हणून ओरडलं. वर्ग हसला. त्या दिवसानंतर चौतीस वर्षं मी नकाशाकडे तोंड करून शिकवलं. मुलांना वाटायचं सर नकाशात रमलेत. उद्या अकरा वाजता त्यातली दोनशे मुलं जमणार आहेत. मुलं कसली, केस पिकलेत त्यांचे. मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून बोलणार होतो."

माझा हात माझ्या तोंडावर गेला होता. तो केव्हा गेला ते मला कळलं नाही.

ताई म्हणाल्या, "दीड तास बसाल?"

"होईल?"

"सुळा कापून काढते. नवा बसवते, बिनउकळीच्या मटेरियलमध्ये. तुम्ही पसंत केला होता तसा."

तेवढ्यात मालक आतून आले. पेशंट लॅबमध्ये बसलेला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. ताईंनी त्यांना तिथंच, मास्तरांसमोर सांगितलं, "पसंत झालेलं काम मी नंतर बदललं. चूक माझी आहे." मीही म्हटलं, "आणि मी बघून सोडलं." मालकांनी मास्तरांसाठी पाणी मागवलं आणि ते आत गेले. ते ओरडायचे नाहीत तेव्हाच आम्हाला भीती वाटायची.

ताईंनी कवळी हातात घेतली आणि ग्राइंडर सुरू केला. मास्तर खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशीच बसले. मला वाटतं, त्यांचा आता कुणावर भरवसा उरला नव्हता. पांढरी भुकटी उडत होती. जरा वेळानं त्यांची नजर दिव्याच्या दांड्यावरच्या चित्रावर गेली. फाइल तोंडासमोर धरलेला फाइलवाला. आदल्या दिवशीच ताईंनी तो नवा लावला होता.

"हे कोण?"

"सिनेमातले आहेत," ताई मान वर न करता म्हणाल्या. "हेरांच्या कचेरीतले फाइलवाले."

"फाइल अशी का धरलीय?"

"तो इशारा आहे. डावीकडे खिडकी आहे, तिथल्या माणसाला."

मास्तर पुढे झुकले. नीट बघितलं.

"इशारा कसला? डावीकडचा दात झाकतोय तो."

ग्राइंडर थांबला. ताईंनी चित्राकडे बघितलं, मग मास्तरांच्या हातातल्या रुमालाकडे. रुमालही जरा डावीकडेच झुकलेला होता. मी मनातल्या मनात तो सिनेमा पुन्हा चालवला. पाच वेळा हातात फाइल आहे आणि पाच वेळा ती तोंडासमोर जाते. शेवटी हात रिकामे असतात, म्हणून तर तो दिसतो. चार हजार माणसांनी सहा वर्षं खल केला, बाण काढले, आणि एकालाही हे सुचलं नव्हतं. इथं एका माणसानं अर्ध्या मिनिटात सांगितलं.

 ताईंनी पुन्हा ग्राइंडर सुरू केला. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या कामात चष्म्यामागे डोळे भरले की फार अडचण होते. मी जाऊन त्यांचा चष्मा पुसून दिला.

सव्वाचारला सुळा ओळीत उभा राहिला. इतर दातांसारखाच, शिपायासारखा. ताईंनी दुसराही कुठला दात केसभर वळवला नाही. त्यांच्या हातची तशी ती पहिलीच कवळी. मास्तरांनी ती तोंडात बसवली. 'स' नीट उमटतो का ते बघायचं असतं, म्हणून ताई म्हणाल्या, "काहीतरी बोला. स असलेलं."

मास्तरांनी थोडा विचार केला. "समुद्र," ते म्हणाले. "समुद्रसपाटी. संगम. सामुद्रधुनी."

आरसा त्यांच्यासमोर होता. सामुद्रधुनी म्हणता म्हणता त्यांना हसू आलं. हात सवयीनं वर निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला. ते तसेच आरशात बघत राहिले.

जाताना ते ताईंना म्हणाले, "राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे." आणि नमस्कार करून गेले.

सोमवारी मालकांनी ताईंना पुढच्या दातांवरून काढलं. सहा महिने फक्त दाढा. एकतीस वर्षांच्या कामानंतर ही शिक्षा साधी नव्हती, पण ताईंनी मान हलवली आणि टेबल बदललं. मला लेखी ताकीद मिळाली. घरी त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "ती कवळी लांबून खोटी दिसते." मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे म्हटलं, "दिसू दे. त्यांना हवी तशी आहे."

मग त्यांनी गटात लिहिलं. 'फाइलचा इशारा वगैरे काही नाही. माझं चुकलं. ते दात झाकतात.' तीनच ओळी. गटानं त्यांना फाडून खाल्लं. चारशे उत्तरं आली. एकानं लिहिलं की दातवालीला सगळीकडे दातच दिसतात. कमांडरनं लिहिलं, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' आणि तो बाणांचा शोध मात्र माथ्यावर तसाच ठेवला. ताई कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी चित्रं काढणंही थांबवलं. मागच्या खोलीत पेन्सिलींचा डबा झाकण लावून पडलेला बघून मला फार वाईट वाटायचं. त्या वेडाची मी इतकी टिंगल केली होती, पण ते नसताना घर ओकंबोकं वाटायला लागलं.

दुसरा भाग या वर्षी लागला. फाइलवाला त्यात होता! शेवटच्या क्षणी त्याचं नाव आलं होतं. ताई नको म्हणत होत्या. मीच तिकिटं काढली आणि हाताला धरून नेलं.

तो मध्यंतरानंतर आला. तळघरात, त्याच टेबलामागे. रेनकोटवाली काहीतरी म्हणाली, आणि त्यानं फाइल टेबलावर ठेवून दिली, दोन्ही हात तिच्यावर टेकले आणि खळखळून हसला. सगळे दात सरळ. आमच्या मागे कुणीतरी जोरात म्हणालं, "अरेरे, वाट लावली!" पुढच्या रांगेतूनही हळहळ ऐकू आली. मी ताईंकडे बघितलं. त्या हसत होत्या, आणि गालांवर पाणी होतं.

"कुणाच्या हातचं आहे कोण जाणे," त्या कुजबुजल्या. "चांगलं केलंय."

पुढच्या प्रसंगात देखणा छपरावरून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात पडला. सगळं थिएटर हसलं, मीही हसले. ताई पडद्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर त्यांनी मला थांबवलं. "तू हसताना तोंडावर हात का ठेवतेस गं?"

"सवय."

"कधीपासून?"

मी सांगणार नव्हते. बावीस वर्षं सांगितलं नव्हतं. "तुम्ही म्हणाला होतात ना," मी म्हटलं, "खालचे दोन दाटीत आहेत म्हणून."

ताई पायरीवरच बसल्या. लोक आम्हाला वळसा घालून उतरत होते.

"अगं, ते मी कौतुकानं म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दिवसभर खोटे दात बघायचे. तुझे बघितले आणि वाटलं, किती खरे आहेत."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला रागही आला होता आणि रडूही, आणि बावीस वर्षांचे ते सगळे फोटो डोळ्यांसमोरून गेले. ताईंनी माझा हात धरून ठेवला होता.  मग थिएटरवाला दार लावायला आला आणि आम्हाला उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी लॅबला सुट्टी होती. दुपारी मागच्या खोलीतून पेन्सिलीला टोक करायचा आवाज आला. मी चहा घेऊन गेले तर ताई खिडकीशी कोरा कागद घेऊन बसल्या होत्या. कागदावर अजून एक रेघही नव्हती.

"बस समोर," त्या म्हणाल्या. "तुझं काढते."

मी बसले. त्यांनी पेन्सिल कागदाच्या मधोमध टेकवली, जिथून त्या नेहमी सुरुवात करतात, आणि पुन्हा उचलली.

"आधी सांग," त्या म्हणाल्या. "सरळ काढू की आहेत तसे?"

 ताई पेन्सिल धरून थांबल्या. घाई केली नाही.

"आहेत तसे," मी म्हटलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.